पासपोर्ट पाहून नेमलेले मास्तर

तीन-चार दिवसांत कुणी गवंडी होत नाही, आचारी होत नाही, साधा केस कापणारासुद्धा होत नाही. पण इटलीत दर उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत इंग्रजीचे शिक्षक तयार होतात आणि त्यांच्या हाती सहा ते तेरा वर्षांची मुलं सोपवली जातात. मुलांच्या आईबापांकडून त्याचे भरपूर पैसे घेतले जातात. हे प्रशिक्षण मी आत बसून पाहिलं आहे, त्यानंतरचा कॅम्पही पाहिला आहे. म्हणून स्पष्ट सांगते: तिथे जे विकलं जातं ते शिक्षण नव्हे. ती पालकांच्या डोळ्यांत केलेली धूळफेक आहे, आणि शिकवायला आलेल्या परदेशी पोरांची पिळवणूक तर त्याहून वाईट आहे.

आधी हा धंदा कशावर उभा आहे ते पाहा. इटलीतल्या शाळा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात आणि थेट सप्टेंबरच्या मध्यावर उघडतात. आईबाप दोघंही कामाला जाणारे. आजीआजोबा जवळ असले तर ठीक, नाहीतर पोरांना ठेवायचं कुठे हा घोर एप्रिलपासूनच घराघरांत लागतो. चर्चच्या आवारात ओरातोरिओ असतो. तिथे थोड्या पैशांत मुलं दिवसभर हुंदडतात, गुडघे फोडून घेतात, संध्याकाळी दमून घरी येतात. नगरपालिकेची शिबिरं असतात. आणि या सगळ्यांपेक्षा कितीतरी महाग असतो तो इंग्रजी कॅम्प. भरतो बहुधा शाळेच्याच इमारतीत, मुलं बसतात शाळेच्याच बाकांवर, फक्त फाटकावर एक रंगीत फलक लागतो: शिकवणारे सगळे इंग्रजी मातृभाषा असलेले. वरचे पैसे आहेत ते या एका ओळीचे.

पालक ही ओळ विकत का घेतात तेही मला कळतं. २००३ च्या मोरात्ती सुधारणेनं इंग्रजी पहिलीपासून सक्तीचं झालं. पण आठवड्याला पहिलीत एक तास, दुसरीत दोन, तिसरी ते पाचवी तीन. पाचवीच्या शेवटी मुलानं युरोपीय मोजपट्टीवरची ए-वन ही पायरी गाठावी एवढीच अपेक्षा, आणि ती अगदी तळची पायरी. टीव्हीवरचे परदेशी सिनेमे बहुतेक इटालियनमध्ये डब केलेले. बाप स्वतः कंपनीच्या मीटिंगमध्ये इंग्रजी सुरू झालं की मान खाली घालून बसतो आणि मनाशी म्हणतो, माझ्या पोरावर ही वेळ येऊ नये. ही भीती खरी आहे. शिरूर तालुक्यातल्या आईबापांच्या तोंडावर मी ती वर्षानुवर्षं पाहिली आहे. म्हणून तिच्यावर दुकान मांडणाऱ्यांचा मला संताप येतो.

मी शिरूरजवळच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होते. डी.एड. केलं, मग इंग्रजी घेऊन बी.ए., मग बी.एड. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यानंतरची मुलं माझ्या हाताखालून गेली. घरात, शेतात, एसटीत, बाजारात कुठेही इंग्रजीचा शब्द कानावर न पडणारी मुलं. त्यांना ही भाषा येते कशी, अडते कुठे, कोणता आवाज जिभेवर बसायला किती वेळ लागतो, हे मी वर्गात उभं राहून शिकले. पुढे रांजणगावच्या फियाटच्या कारखान्याशी जोडलेल्या कामातून नवऱ्याची बदली तोरिनोला झाली आणि आम्ही इथे आलो. मी इटालियन शिकले. काम करण्याची परवानगी होती, हाती शिक्षण होतं, म्हणून मुलांच्या इंग्रजी कॅम्पसाठी शिक्षक हवेत अशी जाहिरात पाहिली तेव्हा अर्ज केला.

फोनवर त्या संस्थेच्या बाई माझ्याशी चांगलं बोलल्या. सगळं संभाषण इंग्रजीतच झालं. शेवटी म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी उत्तम आहे, पण आमच्या पालकांना मातृभाषक लागतात." मी म्हटलं, मी लहान मुलांनाच शिकवत आलेय, तेच माझं काम आहे. त्यांनी विचारलं, "तुमचा पासपोर्ट कोणता?" पदव्यांबद्दल, अनुभवाबद्दल एकही प्रश्न नाही. मग मला सहाय्यक म्हणून घेतलं: हजेरी मांडणं, पालकांशी इटालियनमध्ये बोलणं, पडलं-झडलं बघणं, रडणाऱ्याला उगी करणं. पैसे कमी. सहाय्यकांनीही प्रशिक्षणाला बसायचं असा नियम होता, म्हणून मी बसले.

प्रशिक्षण डोंगरातल्या एका हॉटेलात होतं. ओहायोहून आलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कॉर्कची एक मुलगी, डर्बनची दोघं, टेक्ससची एक. वयं एकोणीस-वीस-बावीस. पोरं चांगली होती, मनापासून सांगते. मुलांचा लळा असलेली, कष्टाला न भिणारी. पण त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदाही वर्गात शिकवलेलं नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही गोल करून टाळ्या वाजवल्या, हातवाऱ्यांची गाणी म्हटली, प्राण्यांचे आवाज काढले, खुर्च्यांभोवती धावलो. प्रशिक्षकाचा एकच घोषा होता: आवाज मोठा ठेवा, हसू मोठं ठेवा, एक क्षणही थांबू नका. एक अख्खी दुपार शुक्रवारच्या कार्यक्रमावर गेली. आठवड्याच्या शेवटी मुलांनी स्टेजवर इंग्रजीत नाटुकलं करायचं, पालकांनी फोनवर त्याचं चित्रण करायचं. त्या चित्रणावर पुढच्या वर्षीचे प्रवेश अवलंबून असतात, हे प्रशिक्षकानं उघड सांगितलं.

गाण्यांना आणि हातवाऱ्यांना माझा विरोध नाही. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हालचालींतून भाषा शिकवण्याची पद्धत बसवली. मुलाला आधी ऐकू द्या, ऐकलेलं अंगानं करू द्या, बोलणं मागाहून येईल. गप्प बसलेलं मूल शिकत नाही असं समजू नका. शिरूरच्या वर्गात बाकं भिंतीला लावून मीही हे केलं आहे. पण हॉटेलात या पोरांना गाणं मिळालं, त्यामागचं कारण मिळालं नाही. त्यामुळे कॅम्प सुरू झाल्यावर त्यांनी नेमकं उलट केलं. जे मूल पहिल्या दिवशी तोंड उघडेना त्याला मध्ये उभं केलं आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या नावानं टाळ्या पिटल्या. ते मूल आणखी मिटलं.

जे सांगायला हवं होतं ते कुणी सांगितलंच नाही. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या भाषेची अक्षरं नुकती कुठे लागलेली असतात, त्याच्यासमोर इंग्रजी अक्षरांचा कागद ठेवून उपयोग नसतो. इटालियन जसं लिहितात जवळजवळ तसंच वाचतात, म्हणून इथलं आठ वर्षांचं पोर इंग्रजी शब्दही तसाच वाचून काढतं आणि दर वेळी चुकतं. त्याला दोष न देता पुढे कसं न्यायचं? इटलीनं १९७७ च्या ५१७ क्रमांकाच्या कायद्यानं अपंग मुलांचे वेगळे वर्ग बंद केले, त्यांना सगळ्यांबरोबर बसवलं. जगात फार थोड्या देशांनी इतक्या लवकर हे केलं. ती मुलं उन्हाळ्यात कॅम्पलाही येतात. आमच्या गटात मोठ्या आवाजानं कान झाकून घेणारा एक मुलगा होता. "आवाज मोठा ठेवा" हे सूत्र घेऊन आलेल्या ओहायोच्या पोरानं त्याच्याशी काय करायचं होतं? त्याला कुणीही एक शब्द सांगितला नव्हता. तो बिचारा रात्री मला विचारत बसला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: त्या प्रशिक्षणात मूल नव्हतं. एकही नाही. पाठ घ्यायचे ते एकमेकांसमोर, एकोणीस वर्षांच्या पोरानं सात वर्षांचं असल्याचं सोंग आणून. डी.एड.ला आम्ही पाठ टाचण काढून खऱ्या वर्गात सराव पाठ घ्यायचो. मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असायचे, आणि तास संपल्यावर ते सालटं काढायचे. झटपट शिक्षक घडवण्याची परंपराही या कॅम्पपेक्षा प्रामाणिक आहे. १९६२ साली लंडनमध्ये इंटरनॅशनल हाउसच्या जॉन हेक्राफ्ट यांनी प्रात्यक्षिकावर भर देणारा छोटा अभ्यासक्रम सुरू केला. इंग्रजी शिक्षकांसाठीचा आजचा सेल्टा हा अभ्यासक्रम त्याच वंशातला. त्याला सुमारे १२० तास लागतात, आणि त्यांतले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, परीक्षकाच्या नजरेखाली शिकवावं लागतं. तोही मुळात प्रौढांना शिकवण्यासाठी आखलेला. जगात ज्याला किमान मानतात तेवढंही जिथे नाही, तिथे त्याला प्रशिक्षण म्हणायची हिंमत होते कशी?

एक प्रसंग सांगते. कॅम्पचा दुसरा दिवस, सकाळचे साडेदहा. सात वर्षांची एक मुलगी टेक्ससच्या ट्यूटरपाशी गेली आणि शिकवलेलं वाक्य नीट आठवून म्हणाली, "आय अ‍ॅम अँग्री." ट्यूटरला वाटलं ही रागावली आहे. भावना ओळखण्याचा खेळ प्रशिक्षणात झालेलाच होता. तिनं लगेच सगळ्या गटाला गोळा केलं आणि रागीट चेहरा करायला लावला. दहा-बारा मुलं भुवया आवळून, मुठी वळून त्या पोरीकडे बघायला लागली. पोरगी भेदरून रडायला लागली. तिला भूक लागली होती. तिला म्हणायचं होतं हंग्री. इटालियनमध्ये ह हा आवाजच नाही, तिथल्या मुलाच्या तोंडून तो गळतो, स्वरही जवळपास येऊन ठेपतो, आणि हंग्रीचं अँग्री होतं. इटलीत इंग्रजी शिकवणाऱ्या कुठल्याही साध्या शिक्षिकेला हे ठाऊक असतं. शाळेतल्या शिक्षिकेनं त्या मुलीला आधी बिस्किट दिलं असतं, मग हातावर फुंकर मारून ह चा श्वास दाखवला असता, आणि दहा मिनिटांत सगळा गट तळहातावर फुंकर मारत हसला असता. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन ब्रेड आणि जॅम दिला. टेक्ससच्या मुलीची यात काय चूक? ह तिच्या तोंडात जन्मापासून आहे. तो नसणं म्हणजे काय हे तिला माहीत असण्याचं कारणच नाही.

मातृभाषकाच्या मर्यादा सुरू होतात त्या इथे. भाषा येणं वेगळं आणि ती दुसऱ्याला कशी येते हे कळणं वेगळं. ज्यानं ती भाषा स्वतः धडपडत मिळवली त्याला रस्त्यातले खड्डे माहीत असतात. पेटर मेड्येस या हंगेरियन अभ्यासकानं १९९४ मध्ये मातृभाषक नसलेल्या शिक्षकावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं अशा शिक्षकाच्या बळाच्या जागा दाखवल्या. टीसॉल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००६ मध्ये लेखी भूमिका घेतली की मातृभाषक नाही म्हणून शिक्षकाशी भेदभाव होता कामा नये. युरोपीय आयोगानंही सांगितलं आहे की नोकरीसाठी भाषेचं उत्तम ज्ञान मागा, मातृभाषाच ती असावी अशी अट घालू नका. तरीही फाटकावरचा फलक आहे तिथेच आहे.

ही समजूत आली कुठून? १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावरची परिषद भरली. साम्राज्य आवरतं घेतलं जात होतं, पण इंग्रजीचं दुकान चालू ठेवायचं होतं. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, आदर्श शिक्षक म्हणजे मातृभाषक, जितकं लवकर तितकं चांगलं, जितकं जास्त तितकं चांगलं, आणि दुसरी भाषा वर्गात आली की इंग्रजी बिघडते, या पाच समजुती त्या परिषदेतून पुढे आल्या. १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिप्सन यांनी भाषिक साम्राज्यवादावरच्या पुस्तकात त्या एकेक करून उघड्या पाडल्या आणि पाचही समजुतींना भ्रम ठरवलं. त्यालाही किती वर्षं लोटली. इटलीतल्या त्या हॉटेलात मला जे सांगितलं गेलं ते तंतोतंत हेच पाच भ्रम होते, रंगीत टी-शर्ट घातलेले.

भारतीय शिक्षिका म्हणून मला याचा दुप्पट राग येतो, आणि त्याला कारण आहे. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र घडलं त्यात आपल्या मुलांचा मोठा वाटा आहे. मायकल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात ढाक्याला बंगाली मुलांना शिकवता शिकवता मोजक्या शब्दांची वाचनमाला बांधली. आजच्या पायरीपायरीच्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांचं मूळ तिथे आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर-मद्रासकडच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरण घोकवायचं नाही. रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा, कोडं सोडवायला लावायचं, आणि ते सोडवता सोडवता भाषा येऊ द्यायची. आज जगभर ज्याला टास्कवर आधारलेलं अध्यापन म्हणतात त्याचा हा पाया. त्या हॉटेलात नकाशाचा खेळ घेताना प्रशिक्षकानं तो 'आमची खास पद्धत' म्हणून दाखवला. मद्रासकडच्या वर्गखोल्यांत तपासून घेतलेली पद्धत मला शिकवली जात होती, आणि तीच पद्धत वापरून शिकवायला मी अपात्र होते, कारण माझा पासपोर्ट भारताचा.

आता कॅम्पच्या दुसऱ्या नियमाकडे येते, इटालियन बोलण्यावरच्या बंदीकडे. ट्यूटरनं इटालियन येत असलं तरी येत नाही असं दाखवायचं, मुलं इटालियनमध्ये बोलली तर समजलंच नाही असं वागायचं. आठ वर्षांच्या मुलाला मैदानात गांधीलमाशी चावली. तो मनगट धरून ओरडत ट्यूटरकडे धावला आणि आपल्या भाषेत सांगू लागला काय झालं. ट्यूटर गुडघ्यावर बसली, हसली, आणि म्हणाली, "इन इंग्लिश, प्लीज." ती दुष्ट नव्हती. तिला तसं शिकवलं होतं. मी पळत गेले, बर्फ लावला, त्याला इटालियनमध्ये विचारलं की याआधी कधी माशी चावून सूज आली होती का, श्वास लागला होता का. संध्याकाळी कॅम्पप्रमुखानं मला बाजूला घेऊन सांगितलं की मी मुलांसमोर फार इटालियन बोलते, त्यानं वातावरण बिघडतं. मी त्यांना तोंडावर सांगितलं, दुखणाऱ्या मुलाची भाषा बंद करणारं वातावरण बिघडलेलंच बरं.

मराठी वर्गात मी इंग्रजी शिकवताना मराठी वापरली, ठरवून आणि मोजून. जिथे एका मराठी वाक्यानं पाच मिनिटांचा गोंधळ मिटतो तिथे ते वाक्य बोलायचं आणि परत इंग्रजीत जायचं. मूल घाबरलं, चिडलं, आजारी पडलं की त्याच्याच भाषेत बोलायचं. यानं कुणाचं इंग्रजी बिघडलं नाही.

शिकवायला आलेल्या पोरांचं काय होतं तेही पालकांना कळायला हवं. आमच्या कॅम्पमध्ये एका गटात दहा-बारा मुलं असत आणि दोन मुलांच्या आठवड्याच्या फीमध्ये त्या ट्यूटरचा आठवड्याचा सगळा पैसा निघत असे. राहायचं गावातल्या कुटुंबात. कुटुंबाला संस्था भाडं देत नाही, त्यांच्या मुलाच्या फीत सूट देते. कुटुंबालाही वाटतं की घरात इंग्रजी आली. मग संध्याकाळी सहापासून रात्री झोपेपर्यंत जेवणाच्या टेबलावर, गाडीत, आजीच्या घरी ट्यूटरनं इंग्रजी बोलत राहायचं. पाहुणी म्हणून नाही म्हणता येत नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तशी ही संस्था: घर गावकऱ्यांचं, जेवण गावकऱ्यांचं, इमारत शाळेची, घसा पोरांचा, आणि नफा हिचा. कॉर्कच्या मुलीचा आवाज दुसऱ्या आठवड्यात बसला. तिला आराम मिळाला नाही, कारण तिच्या जागी उभं राहील असा मातृभाषक नव्हता. मी उभी राहिले असते. मला उभं केलं नाही.

कागदावर यांतल्या काहींना स्वयंसेवक म्हटलं होतं, सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी आलेले. या शब्दांनी काय साधतं ते पाहा. मुलांशी थेट आणि नियमित संबंध येणाऱ्या नोकरीवर माणूस घेताना त्याच्या गुन्हे नोंदीचा दाखला मागणं इटलीत २०१४ पासून मालकावर बंधनकारक आहे. स्वयंसेवक या सक्तीतून सुटतात. रजा, विमा, किमान पगार हे प्रश्नही मग कुणी विचारत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून ब्रिटिश पोरांना इथे काम करायला व्हिसा लागतो, म्हणून तिथून येणारा सोपा पुरवठा आटला. तेव्हा तरी या लोकांनी इथल्या प्रशिक्षित शिक्षकांकडे वळावं! नाही. आणखी लांबचा पासपोर्ट शोधला.

मातृभाषक म्हणून मिरवणं आणि त्याच नावाखाली राबवून घेणं ही इटलीची जुनी खोड आहे. विद्यापीठांत परदेशी भाषा शिकवणाऱ्या 'लेत्तोरी' मंडळींना हवेत म्हणून बोलावलं आणि पुढे दशकानुदशकं दुय्यम ठेवलं. व्हेनिसच्या विद्यापीठातल्या पिलार अलूए या स्पॅनिश शिक्षिकेच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं १९८९ मध्येच इटलीचा कान धरला, आणि तरी २०२३ मध्ये युरोपीय आयोगाला याच प्रश्नावर पुन्हा कोर्टात जावं लागलं. ओहायोच्या पोराला हे माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, त्याच्या इंग्रजीला इथे मान आहे.

आता मला कुणी म्हणेल, मग शिक्षक आणायचे कुठून? दूर जायला नको. इटलीत दर वर्षी कितीतरी शिक्षक-शिक्षिका तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवतात. त्यांचा करार ३० जूनला संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्या बेकारभत्त्याचा अर्ज भरतात आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा रांगेत उभ्या राहतात. माझ्या ओळखीची एक बाई अशी आहे. प्राथमिकला इंग्रजी शिकवते, मुलांमध्ये रमते, गांधीलमाशी चावली तर काय करायचं तिला माहीत आहे, कान झाकणाऱ्या मुलाला कोपऱ्यातली शांत जागा द्यायची हेही माहीत आहे. ज्या शाळेत ती जूनपर्यंत शिकवते त्याच शाळेत जुलैमध्ये कॅम्प भरतो, आणि ती घरी बसून भत्त्याची वाट बघते. तिच्या वर्गात एकोणीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी उभा असतो. याला निवड म्हणत नाहीत, लाज म्हणतात.

दुसरं उत्तर नेहमीचं: उच्चार. मातृभाषकाकडून खरा उच्चार येतो म्हणे. आमच्या कॅम्पमध्ये कॉर्कचा उच्चार होता, टेक्ससचा होता, डर्बनचे दोन होते, आणि एकाच शब्दाला तिघं तीन तऱ्हांनी म्हणत. त्यात वाईट काहीच नाही, इंग्रजी आहेच तशी. पण मग माझा शिरूरचा उच्चार कुठल्या न्यायानं खोटा? आणि आठवड्याभरात कुणाचाही उच्चार कुठल्याही मुलाच्या तोंडात बसत नाही. बसते ती गोडी, किंवा धास्ती.

तिसरं उत्तर: मुलं मजा करतात ना! करतात. मी स्वतः पाहिलं आहे, शुक्रवारी स्टेजवरून उतरताना त्यांचे चेहरे फुललेले असतात. मग मजा म्हणून विका. फलकावर लिहा की इथे परदेशी दादा-ताया मुलांशी खेळतील. ओरातोरिओएवढे पैसे घ्या. त्या पोरांना खेळगडी म्हणून नीट पगार द्या, नीट झोपू द्या. मी पहिली टाळ्या वाजवेन. पण शिक्षण म्हणून पैसे घेता, प्रमाणपत्र छापता, पातळी लिहून देता, तर शिक्षण द्यावं लागेल.

हे सगळं मी मराठीत लिहिते आहे, कारण आपल्याकडची पोरंही या जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला अडकत आहेत. पुण्या-नाशिकचे पदवीधर '१२० तासांचं' ऑनलाइन प्रमाणपत्र विकत घेतात, जगात कुठेही इंग्रजी शिकवा या आशेवर. मग जाहिराती उघडतात आणि पासपोर्टची तीच ठरलेली यादी समोर येते: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. माझ्या बहिणीची मुलगी असंच प्रमाणपत्र घेऊन बसली आहे. फोनवर मला म्हणाली, "मावशी, पैसे घेताना कुणी पासपोर्ट नाही विचारला गं." विकणाऱ्यांना ही यादी पाठ असते. ती विद्यार्थ्याला आधी सांगत नाहीत. तिला मी सांगितलं, शिकवायचंच असेल तर आधी एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन चांगल्या बाईंच्या मागच्या बाकावर वर्षभर बस, मग बघू.

आणि इटलीत राहणाऱ्या आपल्या मराठी आईबापांना, ज्यांची पोरं घरी मराठी, शाळेत इटालियन बोलतात आणि ज्यांना शेजारणीसारखाच हा कॅम्प घ्यावासा वाटतो, त्यांना एवढंच सांगेन. पैसे भरण्याआधी त्या संस्थेला फोन करा आणि विचारा. माझ्या मुलाला शिकवणारी व्यक्ती याआधी किती मुलांसमोर उभी राहिली आहे? तिचा पाठ कुणी मागे बसून पाहिला आहे का? माझं मूल रडलं तर ती त्याच्याशी त्याला समजेल अशा भाषेत बोलेल का? तिच्याशी करार आहे की तिला स्वयंसेवक म्हणून आणलंय? तिच्या गुन्हे नोंदीचा दाखला मागवलाय का? आणि याच शाळेतल्या शिक्षिकेला ३० जूनला घरी पाठवून तिच्या वर्गाची किल्ली तुम्हाला कुणी दिली, तेही विचारा. उत्तरं लेखी मागा. नाही मिळाली तर एक युरो भरू नका.